दिवसभर वाकलेल्या अंगाला आणखी किती वाकवायचं?

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ४७. केळापूर तालुक्यात आमचं पाच एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् सोयाबीन. घरचं आटोपलं की दुसऱ्याच्या वावरातही वेचणीला जाते. दीड वर्षापासून गावात बायकांचा योगाचा वर्ग चालतो, गुरुदेव सेवा मंडळाच्या हॉलमध्ये, सकाळी पाच वाजता. मी एक दिवस चुकवत नाही. पण अंग काही मोकळं होत नाही. पश्चिमोत्तानासनात हात अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत, डोकं गुडघ्याला लागणं तर लांबच. बारावीतल्या पोरी आरामात वाकतात. शिकवणाऱ्या ताई पाठीवर जोर देऊन दाबतात तेव्हा थोडं जातं, मग दोन दिवस कंबर धरते. पद्मासनात उजवा गुडघा आतून दुखतो. संध्याकाळी प्रार्थनेला साधी मांडी घातली तरी पायाला मुंग्या येतात. उन्हाळ्यात जरा सैल वाटतं, वेचणी सुरू झाली की पुन्हा तसंच. जाऊ म्हणते, "तुह्या अंगात लाकूड भरलं हाय, काहाले तरास घेतं?" सोडून देऊ का? की आणखी जोर लावू? मोहाच्या बियांच्या तेलानं मालिश करून फरक पडेल का? अन् ती रबराची मॅट घ्यावी का, सहाशे रुपये सांगतात.

उत्तर

ताई, सोडू नका. आणि जोर तर मुळीच लावू नका. पत्रात दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दाबल्यावर दोन दिवस कंबर धरते, आणि वेचणी लागली की अंग पुन्हा आखडतं. मी ती तीनदा वाचली. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथंच आहे.

आधी जाऊबाईंच्या लाकडाचं बघू. निंदणाला तुम्ही उकिडव्या बसता ना? टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पूर्ण दुमडलेले, आणि तशाच पुढे सरकत ओळ संपवता. खुर्चीत नोकरी केलेल्या शहरातल्या लोकांना हे येत नाही. टाचा उचलल्या जातात, नाहीतर मागे कलंडतात. मालासन शिकवताना त्यांच्या टाचांखाली घडी घालून काहीतरी ठेवावं लागतं, आणि तरीही चेहरे असे करतात की बघवत नाही. तेच आसन तुम्ही विळा हातात घेऊन दिवसभर करता. तुमचे घोटे मोकळे आहेत, गुडघे पूर्ण मिटतात, खुबे पुढच्या बाजूनं छान दुमडतात. म्हणजे अंग सगळीकडून आखडलेलं नाही. ठरावीक जागी आखडलंय, आणि त्या जागा तुमच्या कामानं ठरवल्या आहेत.

पहिली जागा मांडीच्या मागची. तिथले स्नायू बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. उकिडवं बसलं, मांडी घातली, बाजेवर बसलं, तरी गुडघा वाकलेलाच असतो. गुडघा सरळ ठेवून हे स्नायू लांब व्हावेत असा प्रसंग तुमच्या दिवसात फारसा येत नाही. म्हणून पाय पसरून बसलात की ते बैठकीचं हाड मागून धरून ठेवतात. ओटीपोटाचा भाग पुढे कलायला हवा, तो कलत नाही. मग हात पुढे न्यायचे कसे? कंबरेचे मणके गोल करून. वर्गात तुमचे हात जेवढे पुढे जातात, तेवढे पाठ गोल झाल्यामुळे जातात. मांडीमागचे स्नायू होते तिथंच असतात. दीड वर्ष रोज वाकूनही फरक पडला नाही याचं हे पहिलं कारण. ताण जिथे पडायला हवा होता तिथे पडलाच नाही.

दुसरी जागा कंबर. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथंच सगळे उलटं करतात.

पऱ्हाटीची बोंडं कंबरेच्या आणि गुडघ्याच्या मध्ये. धड बसून वेचता येत नाही, धड उभं राहून वेचता येत नाही. कमरेला बांधलेलं फडकं कापसानं भरत जातं, त्याचं वजन पुढे ओढतं. मजुरी किलोवर, म्हणून कुणी पाठ सरळ करायला थांबत नाही. असं अर्धवट वाकून बराच वेळ राहिलं की पाठीचे स्नायू थकतात आणि भार मणक्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे लिगामेंटवर जातो. लिगामेंटवर सतत ताण राहिला की ते हळूहळू ढिले पडतात. ते पुन्हा मूळ लांबीवर यायला तास जातात. तोवर मणके नीट बांधलेले नाहीत हे शरीराला कळत असतं, म्हणून ते आजूबाजूचे स्नायू घट्ट आवळून धरतं. संध्याकाळी वावरातून परतताना कंबर पत्र्यासारखी होते ती यामुळे.

म्हणजे तुमची कंबर आखूड झालेली नाही, ताई. ती दिवसभर ताणली गेलेली आहे आणि स्वतःला जपायला तिनं मूठ आवळली आहे. आता अशा कंबरेला पहाटे पाच वाजता आणखी पुढे वाकवायचं, वर मागून दाबायचं! ताठरपणा वाटतो म्हणून माणूस जास्त वाकतो, जास्त वाकल्यानं ताठरपणा वाढतो, आणि मग तो समजतो की आपला सराव कमी पडतोय. तुमच्या बाबतीत सराव कमी नाही. त्याची दिशा चुकली आहे.

त्यात वेळेची भर. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठताना माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर ते दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यातली जवळपास निम्मी उंची उठल्यापासून पहिल्या तासातच कमी होते. त्या पहिल्या तासात पुढे वाकलं तर फुगलेल्या गादीवर आणि लिगामेंटवर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. तुम्ही साडेचारला उठून पाणी भरून, झाडझूड करून वर्गाला जात असाल तर थोडं बरं. पण डिसेंबरच्या थंडीत अंथरुणातून निघून थेट सतरंजीवर आणि पहिलं आसन पश्चिमोत्तानासन, असं चाललं असेल तर आजपासून थांबवा.

मग पहाटे करायचं काय? पुढे वाकणं सोडून बरंच काही. वर्गाला जाताना गावाला एक फेरी मारून जा, झपाझप. गेल्यावर हाता-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, पाठ वर-खाली, श्वासाबरोबर, हळू. मग ताडासन, वीरभद्रासन, त्रिकोणासन, त्यात गुडघा किंचित सैल ठेवला तरी चालेल. त्यानंतर पोटावर झोपून भुजंगासन आणि शलभासन, पाठीवर येऊन सेतुबंधासन. या तिन्हींवर तुमचा सगळ्यात जास्त वेळ जायला हवा. दिवसभर शरीर ज्या बाजूला वळतं त्याच्या उलट बाजूला ही आसनं नेतात, आणि पाठीच्या, नितंबाच्या स्नायूंना ताकद देतात. ताकदीबद्दल योगाच्या वर्गांत फार कमी बोललं जातं. ज्या स्नायूला भार पेलायची खात्री वाटते तो आवळून बसत नाही. शलभासनात पाय चार बोटंच उचलले गेले तरी पुरे, फक्त तिथं पाच-सहा श्वास टिकवा.

सूर्यनमस्कार घालत असाल तर हस्तपादासनात गुडघे वाकवा. मनसोक्त वाकवा. पोट मांड्यांना टेकलं पाहिजे, हात जमिनीला टेकले नाहीत तरी चालतील. कुणी हसलं तर हसू दे.

आता मांडीमागच्या स्नायूंचं. त्यांना लांब करायचंच आहे, पण कंबरेला त्रास न देता. त्याला एक सोपी रीत आहे आणि तिची वेळ रात्रीची. दुपार उलटून संध्याकाळ होईपर्यंत शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात वर गेलेलं असतं, गाद्यांमधलं पहाटेचं पाणी उतरलेलं असतं, अंग तेव्हाच सगळ्यात जास्त सैल असतं. संध्याकाळी चूल तुमची वाट बघत असते हे मला माहीत आहे. म्हणून जेवणं-भांडी आटोपल्यावर, झोपायच्या आधी करा. तोवर अंग फार थंड झालेलं नसतं.

उताण्या झोपा. एक पाय जमिनीवर सरळ, त्यानं कंबर दुखत असेल तर गुडघा उभा ठेवा. जुन्या लुगड्याची लांब पट्टी दुसऱ्या पायाच्या तळव्याभोवती घ्या, दोन्ही टोकं दोन हातांत. पाय वर न्या. गुडघा सरळ करायचा प्रयत्न करा, पूर्ण झाला नाही तरी हरकत नाही. मांडीच्या मागे मधोमध ताण जाणवला की थांबा. इथं पाठ जमिनीला टेकलेली आहे, ती गोल होऊच शकत नाही, म्हणून सगळा ताण हवा तिथेच पडतो. संथ दहा श्वास थांबा, साधारण एक मिनिट होतं. मग एक युक्ती: टाच पट्टीवर पाच-सहा सेकंद दाबा, जणू पाय खाली आणायचाय पण पट्टी आणू देत नाही. मग सोडून द्या. पाय आपोआप दोन बोटं आणखी जवळ येईल. असं दोनदा करा आणि पाय बदला. दोन्ही पायांचं मिळून सात-आठ मिनिटांत होतं. आठवड्यातून चार दिवस केलंत तरी फरक दिसेल.

त्यानंतर बाजेजवळ सरका, पोटऱ्या बाजेवर ठेवा, पाठ जमिनीवर, हात पोटावर. खुब्यात काटकोन, गुडघ्यात काटकोन. काही करायचं नाही, पाच मिनिटं पडून राहायचं. वेचणीच्या दिवसांत बाकी सगळं चुकलं तरी हे चुकवू नका. आवळलेली कंबर सुटायला मी तरी यापेक्षा स्वस्त उपाय पाहिला नाही. बाज उंच वाटली तर सोयाबीनचं अर्धवट भरलेलं कट्टं पोटऱ्यांखाली घ्या.

लुगड्याची पट्टी आणि कट्टं वाचून हा काही खरा योग नव्हे असं कुणी म्हणेल. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी त्यांचं शरीर पार खंगलेलं होतं आणि सुरुवातीला आपलं अंग किती ताठ होतं हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. पुढे पट्टे, दोर, विटा, खुर्च्या, गाद्या हे सगळं त्यांनीच योगाच्या खोलीत आणलं आणि त्यावर जगभर शिकवलं. तेव्हा पट्टीची लाज बाळगू नका.

शिकवणाऱ्या ताईंशी मात्र बोलावं लागेल. गावातल्याच असतील, फुकट वेळ देत असतील, त्यांना दुखवायचं नाही हे समजतं. वर्ग सुरू व्हायच्या आधी एकट्या गाठा आणि सांगा, "ताई, माझी कंबर धरते, मला दाबू नका, मी माझ्या मापानं जाते." कारण विचारलं तर हे सांगा: स्नायूत ताण मोजणारी यंत्रणा असते. अचानक किंवा जोरात ओढलं की ती स्नायूला लगेच आखडायचा हुकूम देते, फाटू नये म्हणून. हळू गेलं आणि थांबलं तर तीच यंत्रणा शांत होते. दाबणाऱ्या हाताला समोरच्याच्या पाठीत काय चाललंय ते कळत नाही. शिवाय ज्या पोरींची डोकी गुडघ्याला लागतात त्यांनाही दाबायची गरज नाही. त्यांना तर उलट ताकदीचीच आसनं जास्त द्यायला हवीत. ताईंना पुढचं शिकण्याची आवड असेल तर नागपूरला रामनगरमध्ये जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. पुण्या-लोणावळ्यापर्यंत जायलाच हवं असं नाही.

हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात पश्चिमोत्तानासन सांगताना कपाळ गुडघ्यावर ठेवायला सांगितलंय, हे खरं आहे. कुणी दाखवलं तर वाद घालू नका. पण ते ज्यांच्यासाठी लिहिलं ते साधक दिवसभर वेचणी करून आलेले नव्हते. आणि पतंजलींनी आसनाचं लक्षण सांगताना स्थिर आणि सुखाचं एवढंच म्हटलंय, त्यात गुडघ्याचा किंवा कपाळाचा उल्लेखही नाही.

वर्गात पश्चिमोत्तानासनाची पाळी आली की बसून राहायचं का? नाही, असं करा. सतरंजी किंवा घोंगडी जाड घडी करून बुडाखाली घ्या, निदान वीतभर उंच. गुडघे थोडे वाकवा, त्यांच्याखालीही काहीतरी ठेवा. आता एक हात कंबरेच्या मागे लावून बघा. मणके बाहेर टोचत असतील तर उंची अजून वाढवा. पाठ सरळ उभी राहिली की नुसतं तसंच बसा, हवं तर छाती दोन बोटं पुढे न्या. एवढंच तुमचं पश्चिमोत्तानासन. प्रगती मोजायची तर हात कुठे पोचतो ते मोजू नका, पाठ सरळ राहायला बुडाखाली किती उंची लागते ते मोजा. आज वीतभर लागली आणि होळीपर्यंत चार बोटांवर आली तर ती खरी कमाई. त्या दिवशी डोकं गुडघ्यापासून हातभर लांब असलं तरीही.

पद्मासन सोडा. हे मी सल्ला म्हणून नाही, मनाई म्हणून लिहितेय. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा एकाच दिशेनं उघडतो-मिटतो. पाऊल विरुद्ध मांडीवर चढवायचं तर मांडी खुब्यातून बाहेरच्या बाजूला फिरावी लागते. ती जेवढी फिरत नाही तेवढा पीळ गुडघ्यावर पडतो, आणि आतल्या बाजूची दुखी तेच सांगत असते. उकिडवं बसायला खुबा पुढे दुमडावा लागतो, इतका बाहेर फिरावा लागत नाही. म्हणून तुम्हाला ते येतं आणि हे येत नाही, यात विसंगती काही नाही. शिवाय खुब्याच्या खोबणीची खोली आणि मांडीच्या हाडाचा कोन प्रत्येकाचा वेगळा असतो. काहींचं हाड हाडाला लागून थांबतं, तिथं कितीही वर्षं सराव केला तरी पुढे जागा नाही. तुमचं तसं आहे की स्नायूंमुळे अडतंय हे बघायला उताण्या झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि ती मांडी छातीकडे ओढा. नितंबात ताण आला तर स्नायू, वेळ दिला की सुटेल. जांघेत काहीतरी अडकल्यासारखं टोचलं तर थांबा, तिथं जोर लावण्यात अर्थ नाही. गुडघ्यात दुखलं तर हेही करू नका.

प्रार्थनेला बसताना तीच घोंगडीची घडी न्या. बूड उंच झालं की गुडघे खाली जातात, पाय दबत नाहीत, मुंग्या कमी होतात. बराच वेळ मांडी घातल्यावर येणाऱ्या आणि पाय पसरल्यावर दोन मिनिटांत जाणाऱ्या मुंग्यांची काळजी करू नका. पाय बदलत राहा.

आता वावरातलं. खरं तर मी हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, कारण वर्ग एक तासाचा आणि वेचणी दिवसभराची. ओळ संपवून धुऱ्यावर पोचलात की सरळ उभ्या राहा, दोन्ही तळवे कंबरेवर मागून ठेवा, आणि मागे झुका. चार-पाच वेळा. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही, त्यात किलोभर कापूस काही कमी होत नाही. फडकं पूर्ण भरायची वाट न बघता अर्ध्यावर रिकामं करा. खालची बोंडं वेचताना कंबर गोल करण्याऐवजी गुडघे वाकवा किंवा सरळ उकिडव्या बसा, ते तर तुम्हाला येतंच. आणि गाठोडं उचलताना आधी एकदा मागे झुकून घ्या. तासभर वाकून राहिल्यावर लगेच वजन उचलणं हे कंबरेसाठी सगळ्यात वाईट, कारण लिगामेंट तेव्हा ढिले असतात. सोयाबीन सोंगणीला हेच लागू. बरोबरच्या बायकांनाही सांगा. आधी हसतील, मग त्यांच्याही कंबरा दुखतातच, त्याही करतील.

एवढं करूनही वेचणीच्या दिवसांत अंग उन्हाळ्याइतकं मोकळं राहणार नाही. ते गृहीत धरा आणि वर्षाची आखणी तशी करा. होळीनंतर पेरणीपर्यंतचे महिने नवीन काही शिकायचे, मांडीमागचे स्नायू लांब करायचे. उकाडाही तेव्हा मदतीला असतो. मृग लागल्यावर हातात काय राहतं ते बघायचं. कापूस फुटल्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत मिळवलेलं टिकवायचं, पुढे जायचा हट्ट धरायचा नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पट्टीचा सराव आणि रोज बाजेवर पोटऱ्या, एवढ्यावर बरंचसं टिकतं. पूर्ण सोडलंत तर काही आठवड्यांत परत जैसे थे, हे मात्र खरं. अन् सुरुवातीला जो फरक पडतो तो स्नायू लांब झाल्यानं फारसा नसतो, मेंदूला तो ताण ओळखीचा होतो म्हणून तो आणखी थोडं जाऊ देतो. म्हणून मन घाबरलेलं असताना, घाई असताना, शेजारणीकडे बघत असताना अंग कमी वाकतं. बारावीच्या पोरींकडे बघणं सोडायला सांगते ते त्यासाठी.

वयाचं थोडक्यात. पाळी जाण्याच्या आसपास बऱ्याच बायकांचे सांधे दुखतात, आखडतात. चाळिशी ते साठीच्या दरम्यान खांदा जाम होणंही जास्त, त्यात साखर असेल तर आणखी. पांढरकवड्याला जाणं होईल तेव्हा सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्या. आणि पुढची लक्षणं दिसली तर वर्गाला न जाता डॉक्टरकडे जा: सकाळी हाताच्या बोटांची पेरं सुजून तासाभरापेक्षा जास्त वेळ ताठ राहणं, पुढे वाकल्यावर मांडीतून गुडघ्याखाली पोटरी-पावलापर्यंत विजेसारखी कळ जाणं, कारण तो स्नायूचा ताण नाही, शीर दबतेय, पायात ताकद कमी वाटणं. लघवी-संडासवरचा ताबा सैल झाला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर त्याच दिवशी यवतमाळ किंवा सेवाग्रामचं मोठं रुग्णालय गाठा, थांबू नका. उजवा गुडघा चालताना अडकत असेल, सुजत असेल तर तोही दाखवा.

तेल लावा, बरं वाटेल. अंग गरम होतं, कुणी मायेनं चोळलं तर मनही सैल होतं, झोप लागते. पण तेलानं स्नायू लांब होत नाही, मोहाचं असो की तिळाचं. महाग बाटल्यांवर पैसे घालवू नका.

मॅटही घेऊ नका. उभ्या आसनांना कोरड्या फरशीवर अनवाणी उभं राहणंच चांगलं, सतरंजी सरकते. बसायला, झोपायला सतरंजी पुरते. सहाशे रुपये खर्च करायचेच असतील तर एक चांगली जाड घोंगडी घ्या. तुम्हाला बुडाखाली आणि गुडघ्यांखाली मिळून निदान दोन लागणार आहेत, आणि घरातली एक थंडीत कुणीतरी पांघरून बसलेलं असणार.